यारीवरचा पाहुणा

आमच्या धक्क्यावर आता कामाने कोणाला घाम येत नाही. आला तर तो पळायला आलेल्या लोकांना येतो, आणि तो पुसायला ते घरून वेगळा रुमाल आणतात. जिथे पोत्यांच्या थप्प्या लागायच्या तिथे कुंड्या आहेत. एक नंबरच्या गोदामात कॉफी मिळते, दोन नंबरच्यात चित्रं टांगलीत, तीन आणि चार नंबरच्यात काचेच्या भिंतींचे फ्लॅट झाले. पाण्याकाठी घर घ्यायचं आणि पाण्याचा वास येतो म्हणून तक्रार करायची, अशी मंडळी तिथे राहतात.

सहा नंबरच्या गोदामाचा तिसरा मजला मात्र अजून आमचा आहे. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या आत्याचा. आम्ही ताडपत्र्या शिवतो. होड्यांच्या, मालवाहू बोटींच्या, कधी एखाद्या गच्चीवरच्या मांडवाच्याही. ओली ताडपत्री ज्याने उचलून पाहिली नाही त्याने तिच्याबद्दल बोलू नये. मोठ्या बोटीवरची एक गुंडाळी दोनशे किलो सहज भरते. गोदामाचा जिना इतका अरुंद, की आत्या म्हणते, अबोला धरलेल्या दोन माणसांना ह्या जिन्यात बोलावंच लागतं. रस्त्याच्या बाजूला फरशी घातली तेव्हापासून तिकडे गाडी आणायला बंदी आहे. म्हणजे आमचा सगळा माल येतो तो पाण्याकडच्या दाराने.

हे दार तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याला पायरी नाही. उघडलं की समोर आभाळ. दाराच्या डोक्यावर भिंतीतून बाहेर आलेली लोखंडी तुळई, तिच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून खाली सोडलेला दोर, आणि आत तो गुंडाळायचं हातचाक. ह्या सगळ्याला मिळून यारी म्हणतात. होडीवाले तात्या माल पायऱ्यांपाशी उतरवतात, हातगाडीवर घालून यारीखाली आणतात, हूक अडकवतात, आणि आम्ही तो वर ओढतो. दार गेलं की यारी गेली, यारी गेली की माल गेला, आणि मग आम्ही दोघींनी उशांचे अभ्रे शिवत बसायचं.

तर भांडण ह्या दाराचं होतं.

धक्का नवा करणारं जे किनारा मंडळ आहे त्याला ते दार हवं होतं. तिथे काच बसवायची, तुळईला दिवा टांगायचा, आणि आत लोकांना बसून पाण्याकडे बघायला जागा करायची, असा त्यांचा बेत. पण यारीचा एक जुना कायदा आहे. दरवर्षी तपासणी होते. पास झाली तर दार आणखी एक वर्ष यारीवाल्याचं. एकदा जरी नापास झाली तर हक्क संपला, पुन्हा अर्ज नाही. आत्याने एकोणतीस वर्षांत एकही तपासणी हातची जाऊ दिली नव्हती. मंडळ टपून बसलं होतं.

मंडळाच्या मॅनेजरला आम्ही इस्त्रीसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सुरकुतीचं वावडं होतं. शर्टावरची असो, भिंतीवरची असो नाहीतर माणसाच्या तोंडावरची.

आता एक शब्द सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं.

आमच्या धक्क्यावर माल हवेत असताना त्याला माल म्हणत नाहीत. 'वजन' म्हणत नाहीत, 'पडेल' तर तोंडातून काढायचंच नाही. लटकता माल म्हणजे पाहुणा. कधी येईल, कुठे टेकेल, किती वेळ बसेल, काही सांगता येत नाही, म्हणून. यारीच्या दारात उभा असलेला माणूस चाक फिरायच्या आधी हाक मारतो: "पाहुणे आले!" ती ऐकली की खालच्याने वर बघायचं नाही, विचारायचं नाही, हातातलं टाकून भिंतीपासून लांब व्हायचं. गुंडाळी एकच असली तरी हाक अनेकवचनातच. डोक्यावर असलेल्याला मान देऊन बोलावं लागतं.

गेल्या थंडीत इस्त्रीसाहेब फोन घेऊन वर आले. म्हणाले, "धक्क्याच्या जुन्या आठवणी गोळा करतोय." आत्याला बोलायला माणूस मिळाला की दाभण खाली ठेवते. चहा झाला, जुन्या बोटी झाल्या, एका मुकादमाच्या टोपीची गोष्ट झाली. मग साहेब म्हणाले, "मावशी, इथली अशी एखादी खास आरोळी?"

"आहे की," आत्या म्हणाली. "माल आला की आम्ही ओरडायचो, पाहुणे आले!"

"अरे वा! आणि मग लोक काय करायचे?"

"लोक काय करणार? सगळी धावत सुटायची!"

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी तागा मोजत होते. लक्ष दिलं नाही, ती चूक माझी.

महिन्याभरात धक्क्याच्या तोंडाशी कमान उभी राहिली आणि तिच्यावर पुरुषभर उंच अक्षरांत लिहिलं होतं: पाहुणे आले! कॉफीच्या कपांवर तेच. कागदी रुमालांवर तेच. वाढणाऱ्या पोरींच्या एप्रनवर तेच, आणि गिऱ्हाईक दारात आलं की त्या एका सुरात ओरडायच्या, "पाहुणे आले!" म्हणजे आमची माणसं जीव घेऊन धावत सुटायची, आणि साहेबांना वाटलं ती स्वागताला धावायची.

पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले. आत्याला हाताला धरून कमानीखाली नेलं. तिला आता लांबचं दिसत नाही, जवळचंही धुरकट दिसतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "कुठे लिहिलंय म्हणालीस?"

"इथे, वर. तू खालीच उभी आहेस."

ती दोन पावलं मागे सरली. मग माझंही हसू गेलं.

आत्याच्या नवऱ्यावर पाहुणा बसला होता. आमच्यात असंच म्हणतात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवशी यारीच्या दारात नवा मुकादम होता, शिकलेला, आणि आमची हाक त्याला खुळचटपणा वाटायची. तो ओरडला, "सांभाळा!" आता सांभाळा हा शब्द धक्क्यावर दिवसातून शंभरदा कानावर पडायचा. पाय घसरला, सांभाळा. गाडी मागे येतेय, सांभाळा. साहेब फेरीला निघालेत, सांभाळा. खाली सात माणसं होती आणि सातांपैकी एकानेही पाय उचलला नाही. सहा वाचली.

कमानीखालून परत येताना आत्या एवढंच म्हणाली, "त्या पोराला वाईट नव्हतं करायचं." ती अशी आहे. मी तशी नाही. मी तडक मंडळाच्या ऑफिसात गेले.

"ताई, आम्ही तुमच्या शब्दाचा सन्मान केलाय," इस्त्रीसाहेब म्हणाले. "तो विसरला गेला असता."

"साहेब, तो विसरला नाहीये, तो आम्ही रोज वापरतो. उद्या आगीच्या बंबाची घंटा जेवायला बोलवायला वाजवा आणि म्हणा, घंटेचा सन्मान केला."

"रोज म्हणजे, आठवड्यातून तीनचार वेळा ना?"

"ज्याच्या डोक्यावर पडेल त्याला एकदा पुरतो."

ते हसले. पाण्याची बाटली पुढे केली. बाटलीवरही तेच छापलं होतं.

मग सुरू झाला खरा तमाशा. मी दारात उभी राहून हाक मारली की लोक भिंतीपासून लांब जायच्याऐवजी भिंतीकडे यायचे. कप घेऊन, फोन वर करून, आमच्या बरोब्बर खाली. कोणी हात हलवायचं. कोणी उलट ओरडायचं, "आले, आले!" तात्या बिचारे दोन्ही हात पसरून त्यांना हाकलायचे आणि लोकांना वाटायचं हा खेळाचाच भाग आहे. वैशाखातल्या एका दुपारी एक नवं जोडपं फोटो काढत इतकं खाली घुसलं, की गुंडाळीचं टोक त्या मुलीच्या केसांना लागून गेलं. आत्याने चाक तिथल्या तिथे धरलं. तिच्या तळव्याची साल निघाली. मुलीला काही झालं नाही. तिने उलट हसून 'थँक्यू' म्हटलं.

चार दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. आमच्या यारीमुळे लोकांच्या जिवाला धोका आहे, आणि येत्या तपासणीत मंडळ हरकत घेणार आहे. मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं, कारण एकदा वाचून माझा विश्वास बसला नाही. आमची हाक पळवली, तिचा अर्थ उलटा केला, माणसं आमच्या यारीखाली आणून उभी केली, आणि आता म्हणतात यारी धोक्याची! अशा वेळी मला वाटतं, शिकलेल्या माणसांची लाज कोणत्या शाळेत काढून घेतात ते एकदा बघून यावं.

"पत्र खुंटीला अडकव," आत्या म्हणाली. "आणि कप्पीला ग्रीस लाव."

तपासणीच्या सकाळी तपासनीस बाई वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. पन्नाशीच्या, जाड तळाचे बूट, खिशाला दोन पेनं, हसू घरी ठेवून आलेल्या. त्यांच्या मागोमाग इस्त्रीसाहेब. बाईंनी दोर बोटांनी चाचपला, कप्पीत बॅटरी मारली, चाकाचा ब्रेक ओढून पाहिला. मग आत्याला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. आत्या म्हणाली, "तक्ता कुठेय ते सांगा, मग वाचते." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"परवाना ह्यांच्या नावावर राहणार नाही," त्या म्हणाल्या. "चाक फिरवायला हरकत नाही, पण परवाना दारात उभ्या राहणाऱ्याच्या नावावर हवा."

"हिच्या नावावर करा," आत्याने माझ्याकडे हनुवटी केली. "दारात तीच असते, आणि घसा माझ्यापेक्षा मोठा आहे."

नियम बाईंनी एका दमात सांगितला. दोनशे किलो माल, खालून वर आणि वरून खाली. तीन संधी. तीनांतला एक फेरा तरी असा झाला पाहिजे, की माल माणसाच्या डोक्याच्या वर असताना खाली एकही माणूस नाही. "दोरी बांधून जागा अडवायची?" मी विचारलं. इस्त्रीसाहेब लगेच म्हणाले, "सार्वजनिक जागा आहे, अडवता येणार नाही. मंडळाची परवानगी नाही." हे ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला दाभण दिसू लागलं.

सुट्टीचा दिवस होता. खाली ही गर्दी.

तात्यांनी हूक अडकवला आणि हात वर केला. मी दारात उभी राहिले, एका हाताने चौकट धरली आणि हाक मारली. "पाहुणे आले!"

आले की! सगळ्या बाजूंनी आले. कॉफीवाली एक पोरगी तर एप्रनला हात पुसत धावत बाहेर आली आणि तिने मला खालून 'या, या' केलं. माल डोक्याच्या उंचीला पोचतोय तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. खाली चौदा माणसं. हा फेरा बाद."

दुसऱ्या वेळी वीस झाली, कारण पहिल्या वेळी जमलेली अजून गेलीच नव्हती. तात्या कोंबड्या हाकलल्यासारखे धावत होते. "दुसरा बाद," बाई म्हणाल्या. इस्त्रीसाहेबांनी घड्याळात पाहिलं. आत आत्या चाकाला दोन्ही हात लावून उभी होती, आणि तिला खालचं काही दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं.

तिसऱ्या वेळी मी हाक मारली. चाक फिरलं, माल जमिनीपासून हातभर सुटला, आणि एक गृहस्थ लेकीला खांद्यावर घेऊन थेट त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्या पोरीने गुंडाळीला हात लावायला हात लांब केला. मला राग आला की माझं तोंड माझं राहत नाही.

"अहो!" मी किंचाळले. "दोनशे किलो लटकतायत! दोर तुटला तर चेंदामेंदा होईल सगळ्यांचा! मरायला आलाय का इथे? व्हा बाजूला! त्या लेकराला घेऊन पळा आधी!"

मग एकदम पांगापांग. कप सांडले, एकाची चप्पल तिथेच राहिली, ते गृहस्थ पोरीला छातीशी धरून पार पाण्याच्या कठड्यापर्यंत गेले. भिंतीखाली उरली नुसती फरशी. माल वर आला, दाराशी टेकला, पुन्हा खाली गेला. बाई दारातून वाकून शेवटपर्यंत बघत होत्या.

हूक सुटल्याचा आवाज आला तेव्हा मी मागे वळले. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. माल हवेत असताना मी तुटण्याचं आणि मरण्याचं बोलले होते. एकोणतीस वर्षांत त्या मजल्यावर असं कोणी बोललं नव्हतं.

"तोंड धुऊन ये," ती म्हणाली.

मी धुऊन आले. काय करणार?

परत आले तो बाई टेबलाशी बसून रजिस्टर उलटत होत्या. "फेरा झाला," त्या म्हणाल्या. "यारी पास आहे. दार एक वर्ष तुमचं." पण बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. "मात्र तुम्ही ओरडलात ती नोंदलेली हाक नव्हे. नोंदलेली हाक कोणती?"

"पाहुणे आले," आत्या म्हणाली.

बाईंनी मान वर केली. खिडकीतून कमान दिसत होती. त्यांनी कमानीकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे, मग इस्त्रीसाहेबांच्या हातातल्या कपाकडे. मग चष्मा लावून सावकाश वाचलं: "अकरावं कलम. धोक्याची हाक एकच असावी, ती नोंदवावी, आणि धक्क्याच्या हद्दीत तिचा दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी वापर होऊ नये."

"ते कलम माझ्या नवऱ्याचं आहे," आत्या म्हणाली. "तो गेल्यावर घातलं."

साहेबांनी हातातला कप टेबलावर ठेवला आणि मग काहीतरी सुचून तो फिरवून ठेवला, अक्षरं भिंतीकडे.

"आता दोनच गोष्टी होऊ शकतात," बाई मला म्हणाल्या. "परवाना नव्या नावावर होतोय, म्हणजे हाकेचा रकानाही नव्याने भरायचा. तुम्ही दुसरी हाक लिहिलीत तर प्रश्न मिटला. हीच लिहिलीत तर मंडळाला धक्क्यावरून हे शब्द काढावे लागतील. सगळीकडून. मी खाली जाऊन हुकाचा नंबर उतरवून येते. दहा मिनिटं."

त्या गेल्या आणि इस्त्रीसाहेब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर सुरकुती पाहिली.

"ताई, सरळ बोलू? दुसरा कुठलाही शब्द लिहा. मी आत्ता, ह्या टेबलावर लिहून देतो. तीस वर्षं दार तुमचं. हरकत नाही, पत्र नाही, काही नाही. मंडळाच्या शिक्क्यासकट."

"तीस?"

"तीस. आणि खरं सांगा, लोक कशाने हलले? तुमच्या जुन्या हाकेने? तुम्ही सरळ भाषेत ओरडलात तेव्हा हलले. मग तो शब्द धरून बसायचं कशाला?"

मला मोह झाला. लपवत नाही. तीस वर्षं म्हणजे मी अडुसष्टची होईपर्यंत. दरवर्षी तपासणीच्या आधी आठ दिवस झोप उडते, ती उडायची नाही. आणि माणूस म्हणत होता त्यात चूक तरी काय होतं? एक शब्द. तोही सगळ्यांनी चघळून चोथा केलेला.

"आत्या, तू सांग."

"मी नाही सांगणार," आत्या म्हणाली. "माझी सही संपली. मी सांगितलं तर जन्मभर म्हणशील, आत्याने लिहायला लावलं."

मी पेन उचललं आणि दुसरी हाक शोधू लागले. खरोखर शोधली. 'बाजूला'? ते सायकलवाले दिवसभर ओरडतात. 'हटा'? फोटो काढणारे. 'सावधान' त्यांच्या प्रत्येक कुंडीवर लिहिलंय, फरशी ओली आहे म्हणून. 'सांभाळा'? तो मी लिहिला असता तर हात झडला असता माझा. आणि आजच्यासारखं रोज किंचाळायचं म्हटलं, तर आठ दिवसांत लोक म्हणतील, ती वरची बाई पुन्हा सुरू झाली, आणि कप घेऊन ऐकायला येतील. ह्या एवढ्या धक्क्यावर एकच शब्द असा होता, जो कोणी कशासाठीही वापरत नव्हतं. आमच्या माणसांनी तो दोन पिढ्या तसा राखला होता. बारशाला नाही, लग्नाला नाही; दारात खरे पाहुणे उभे राहिले तरी आमच्या घरांत 'कोण आलंय बघा' म्हणायचे, हे दोन शब्द नाही. आणि तो ह्यांनी कपावर छापला, आणि आता मला म्हणतात, तुम्ही दुसरा शोधा.

मी का शोधू?

हे मी मोठ्याने म्हणाले असणार, कारण साहेब म्हणाले, "काय?"

"म्हटलं, मी का शोधू? चूक तुमची. तुम्ही शोधा. जगात स्वागताचे शब्द काय कमी आहेत? 'या' म्हणा. 'बसा' म्हणा. आमच्याकडे जिवाचा एकच होता."

आणि मी रकाना भरला. संतापाने भरला, आणि थोडा तीस वर्षांच्या दुःखानेही.

"काय लिहिलंस?" आत्याने विचारलं.

"पाहुणे आले."

"अनेकवचन ना?"

"अनेकवचन."

ती चाकाशी गेली आणि ब्रेकची कडी उगाच दोनदा पुसली. डोळे पुसायचे ते तिने असे पुसले.

"ताई, विचार करा अजून," इस्त्रीसाहेब उठत म्हणाले. "दार एकाच वर्षाचं राहील. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा येऊ."

"या की. एक वर्ष पुष्कळ झालं. पुढच्या वर्षी पुन्हा उचलून दाखवू."

बाई वर आल्या, रकाना वाचला, शिक्का मारला. जाताना दाराशी थांबल्या आणि आत्याला म्हणाल्या, "अकरावं कलम कशामुळे आलं ते आमच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी लिहून ठेवीन." आत्याने त्यांना नवऱ्याचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिला ते नाव मोठ्याने घेताना मी पहिल्यांदा ऐकलं.

कमानीवरची अक्षरं उतरवायला चार दिवस लागले. पुरुषभर उंचीची होती ना. 'पा' उतरल्यावर दिवसभर वर 'हुणे आले' राहिलं होतं आणि मी कामं टाकून ते बघत होते. एप्रन बदलले, बाटल्या बदलल्या. बाईंच्या हुकमाने मंडळाला आमच्या भिंतीवर, आणि धक्क्यावर आणखी सहा ठिकाणी, पाट्या लावाव्या लागल्या: 'पाहुणे आले' ही धोक्याची हाक आहे, ऐकताच भिंतीपासून दूर व्हा. पोरींना कॉफीच्या दुकानात तशी ताकीद मिळाली. पहिले काही आठवडे लोक पाटी वाचून हसत. मग दोन ओल्या गुंडाळ्या त्यांच्यासमोरून वर गेल्या, वरून काळं पाणी ठिबकलं, आणि हसणं कमी झालं.

परवा सकाळी मोठ्या मालवाहू बोटीची ताडपत्री आली. तात्यांनी हूक अडकवला. मी दारात उभी राहिले. खाली इस्त्रीसाहेब चालले होते, बरोबर चार बडी माणसं, बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी धक्क्याचं असंच काही करायला निघालेली. साहेब हात पसरून त्यांना आमच्या भिंतीच्या विटा दाखवत होते. मी पोटातून हाक मारली.

पळायला आलेली एक बाई वर न बघता वळसा घालून गेली. कॉफीवाल्या पोरीने बाहेरच्या दोन गिऱ्हाइकांना खुर्च्यांवरून उठवलं. आणि इस्त्रीसाहेबांनी तोंडातलं वाक्य तिथेच टाकलं आणि कठड्याकडे धूम ठोकली. ती चार माणसं मात्र तशीच उभी, कौतुकाने वर बघत. त्यांना काय माहीत? साहेबांनी मागे वळून पाहिलं, परत आले, यारीच्या खाली, आणि एकेकाच्या दंडाला धरून त्यांना ओढत बाजूला नेऊ लागले. "नंतर सांगतो," ते ओरडत होते, "आधी चला, आधी चला!" शर्ट पँटमधून पार बाहेर आला होता.

चौथा माणूस जरा जाडा होता, त्याला वेळ लागला. तो कठड्याला टेकेपर्यंत मी थांबले. मग आत्याला म्हणाले, "उचल."